निलूचा पेपर आणि माझा अ‍ॅनोड

निलूचं डोकं पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होतं आणि मी तिच्या तोंडाखाली फरशीवर मांडी घालून बसले होते. पुस्तक माझ्या मांडीवर होतं. तिचे डोळे मिटलेले, उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी.

"वाचा मावशी."

"झेडएन. मग एक उभा दांडा. परत झेडएन, त्याच्या डोक्यावर दोन आणि अधिक. मग दांडा, दांडा."

"दोन दांडे?"

"दोन. एकमेकाला चिकटून उभे हायती, जुळ्या भावांगत."

"हां! तो मिठाचा पूल. पुढं?"

"पूल कुठाय ह्यात? दांडे हायती."

"मावशी, तुम्ही नुसते दांडे वाचा. पूल मी बांधते."

आतून जैबून, तिची आई, हसली. चहा घेऊन आली आणि एक कप माझ्या हातात दिला. दुसरा कप खाली फरशीवर ठेवून त्यात तिनं नळी सोडली, नळीचं टोक निलूच्या ओठाला लावलं. पोरगी पालथ्या तोंडानं चहा प्यायची आणि पालथ्या तोंडानं रसायनशास्त्र शिकायची.

निलोफर मुजावर आमची शेजारीण. सांगलीत हळदीच्या पेठेमागं आमची आणि त्यांची खोली एका भिंतीची. तिचे वडील दस्तगीरभाऊ रिक्षाचे हूड आणि सीटा शिवायचे. पोरीला लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा. बारावीची परीक्षा झाली आणि एका सकाळी ती म्हणाली, "अम्मी, उजव्या डोळ्यावर कुणीतरी काळा पडदा ओढतंय." मिरजेला नेलं तर डोळ्याच्या आतला पडदाच सुटलेला. ऑपरेशन झालं. डोळ्यात हवा भरली होती, तिनं पडद्याला दाबून धरावं म्हणून सतत तोंड खाली करून पडायचं. पुढं बसायला परवानगी मिळाली तरी वाचायचं मात्र नाही, एक ओळसुद्धा नाही.

आणि प्रवेश परीक्षा जेमतेम महिन्यावर आलेली.

डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षी दे. निलूनं पालथ्या पडल्या पडल्या विचारलं, "पुढच्या वर्षीपर्यंत डावा डोळा असाच राहील, लिहून देता?" डॉक्टर सरळ माणूस. तसं कुणालाच सांगता येत नाही म्हणाले. "मग ह्याच वर्षी," निलू म्हणाली. तिला औषधं बनवायचं शिकायचं होतं, लहानपणापासून तेच. हे वर्ष गेलं तर पुढचं वर्ष डोळ्यांसकट येईल की नाही, ह्याची धास्ती त्या घरात सगळ्यांना होती.

परीक्षेला लेखनिक घ्यायची परवानगी मिळाली. त्यानं प्रश्न वाचायचा, पोरीनं उत्तर सांगायचं, त्यानं गोल काळा करायचा. तेव्हा परीक्षा कागदावर असायच्या. नियम असा होता की लेखनिक दहावीच्या आतला पाहिजे आणि त्यानं हा विषय शिकलेला नको. निलूच्या मैत्रिणी बाद झाल्या. चुलत बहीण नववीतली, फाडफाड वाचायची, पण पहिल्याच दिवशी तिनं 'होत नाही'चं 'होते' वाचलं आणि निलूचं गणित भलतीकडं गेलं. "ही अंदाजानं वाचते," निलू रडायच्या घाईला येऊन म्हणाली.

त्याच वेळी भिंतीपलीकडं मी पेपर वाचत होते. मला मोठ्यानंच वाचावं लागतं. जन्म गेला हळद निवडण्यात, पाटी हातात आली ती पन्नाशीला, पेठेतल्या गोदामाच्या ओट्यावर साक्षरता वर्ग निघाला तेव्हा. पुढं हट्टानं बाहेरून सातवी दिली. पण माझं वाचणं म्हणजे अक्षराखाली बोट आणि ओठ हलते. 'ज-ल-सं-पदा मंत-त्र्यां-नी' असं.

"अम्मी," निलू ओरडली, "सगुणामावशीला बोलव!"

मी गेले. म्हटलं, "अगं, मला कसलं येतंय हे? इंग्रजी अक्षरं हायती ह्यात."

"ती मी शिकवते. मावशी, बाकीचे सगळे अर्थ वाचतात. तुम्ही अक्षरं वाचता. मला तसंच पाहिजे."

दस्तगीरभाऊ दारात उभे होते. म्हणाले, "आक्का, हो म्हणा. नाहीतर ती मला बसवील. मी वाचलं तर शास्त्राचा रिक्षाचा हूड होईल."

असा माझा अभ्यास सुरू झाला. सकाळी पेठेत, दुपारनंतर निलूच्या नाकाखाली. मी आल्याचं तिला पायाच्या आवाजाआधी वासानं कळायचं. "हळद आली," म्हणायची.

बाकीचे विषय तिचे पक्के होते. अडायचं ते एका धड्यापाशी, विद्युतरसायनाच्या. पोरगी तिथं पलंगाच्या कडेवर मूठ आपटायची. मी तोच धडा परत वाचायचे, परत वाचायचे. आणि काय सांगू, एक दिवस तो मलाच कळायला लागला!

एका भांड्यात जस्ताची कांडी, एका भांड्यात तांब्याची. दोन्हीत आपापल्या क्षाराचं पाणी. मध्ये तार. ह्या सगळ्या जोडणीला म्हणायचं घट. जस्त सुटं होतं, आपल्याजवळचे इलेक्ट्रॉन तारेत सोडतं आणि स्वतः पाण्यात उतरतं. ती कांडी झिजत जाते. तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन तांब्याकडं पोचतात, तिथं पाण्यातलं तांबं ते घेतं आणि कांडीवर येऊन बसतं. ती कांडी भरत जाते. देणं म्हणजे ऑक्सिडीकरण, घेणं म्हणजे क्षपण. देणारा तो अ‍ॅनोड, घेणारा तो कॅथोड.

"मग दोन दांड्यांचा पूल कशाला?" मी विचारलं.

"तुम्हीच सांगा."

मी विचार केला. हळदीची पोती दोन्ही बाजूंनी तोलून धरणारा काटा मला दिसला. "इकडं जस्त उतरलं, तर ह्या पाण्यात अधिक वाढलं. तिकडं तांबं गेलं, तर त्या पाण्यात उणं उरलं. असंच चाललं तर दोन्ही भांडी अडून बसतील. पुलातून दोन्हीकडं बारीकसारीक जात असणार, तोल राखायला."

निलू पालथीच होती, पण तिनं दोन्ही हातांनी पलंग बडवला. "अम्मी! अम्मी, मावशीनं सॉल्ट ब्रिज सांगितला!"

"मला काय समजतंय त्यातलं," जैबून म्हणाली, "पण पलंग मोडू नको."

त्या दिवशी मी घरी गेले ती पळतच. भाकरी थापताना माझ्या तोंडात तेच. जस्त देतं, तांबं घेतं. अ‍ॅनोड उणा, कॅथोड अधिक. परातीवर हात पडेल त्या तालात म्हणायचे. पेठेत हळद निवडताना म्हणायचे. शेजारची रखमा म्हणाली, "सगुणे, कुठल्या देवाचं गं हे?"

दुसऱ्या दिवशी निलूनं फर्मान काढलं. लिंबू आणा, तांब्याची तार आणा, पत्र्याचा खिळा आणा, जस्त चढवलेला. दस्तगीरभाऊंनी तिन्ही आणली. मी लिंबात एका बाजूनं खिळा खुपसला, दुसऱ्या बाजूनं तार.

"आता त्यांची टोकं माझ्या जिभेला लावा. दोन्ही एकदम."

"काय होईल?" जैबूननं माझा हात धरला.

"काही नाही होत अम्मी. मला बघता येत नाही ना, मग चव तर घेऊ दे."

मी फरशीवर आडवी होऊन लिंबू तिच्या जिभेखाली नेलं. टोकं टेकली. निलूचे ओठ थरारले आणि ती खदखदून हसली. "आंबट मुंग्या! मावशी, वीज आंबट लागते!"

मग मी चव घेतली. मग जैबूननं, पदर तोंडाशी धरून. दस्तगीरभाऊ म्हणाले, "मला नको," आणि सगळ्यांचं झाल्यावर हळूच त्यांनीही घेतली. डोळे मोठे करून म्हणाले, "ह्या एवढ्याशा लिंबात?" तेवढ्या वेळात त्या घराला डोळ्याचा विसर पडला होता.

धड्याची शेवटची पानं राहिली होती. मी तिकडं वळले की निलू म्हणायची, "ते राहू दे मावशी. ते मला आधीपासून येतंय. घटाचंच परत वाचा." मी घटाचंच परत वाचायचे.

मात्र एक नवीनच अडचण निघाली. ती बसायला लागली होती तेव्हाची गोष्ट. सरावाचे प्रश्न वाचत होते. मी चार पर्याय वाचले आणि निलू म्हणाली, "ब."

"बरोबर! कसं ओळखलंस एवढ्यात?"

"तुमच्या आवाजावरून. ब वाचताना चढला."

मी गार पडले.

"मावशी, तुम्हाला उत्तर यायला लागलंय. परीक्षेत असं झालं तर आपल्या दोघींना उठवतील. आणि पकडलं नाही तरी मला तसं नको. माझं मला पाहिजे."

मग आम्ही आवाजाचा सराव केला. ती म्हणाली, एसटी स्टँडवरची बाई बोलते तसं वाचा. तासगाव, विटा, खानापूर जाणारी गाडी. त्या बाईला कुठल्याच गावाची ओढ नसते. मी तसं वाचायला शिकले. चारही पर्याय एका उंचीचे, एका रंगाचे. किती अवघड होतं म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदा मला काही येत होतं आणि ते लपवायचं होतं.

परीक्षेच्या दिवशी शाळेत आम्हाला वेगळी खोली दिली. निलूला काळा चष्मा होता. पर्यवेक्षक म्हणून डिग्रजकर नावाचे सर होते, उंच, शांत. त्यांनी माझं सातवीचं प्रमाणपत्र पाहिलं, मला पाहिलं, परत प्रमाणपत्र पाहिलं.

"आजी, नियम माहीत आहेत?"

"व्हय. छापलंय ते वाचायचं, ती सांगेल ते करायचं. ह्यात माझं काय न्हाई."

"उत्तम. मी इथंच बसतोय."

घंटा झाली आणि मी सुरू केलं. तासगाव, विटा, खानापूर. निलू खुर्चीत ताठ बसली होती, हात मांडीवर. ऐकायची, क्षणभर थांबायची, सांगायची. "अ." मी गोल काळा करायचे. "ड." काळा करायचे. मधूनच म्हणायची, "परत वाचा," आणि मी परत तेच, तसंच. डिग्रजकर सर सुरुवातीला माझ्या पेन्सिलीकडं बघत होते, मग खिडकीबाहेर बघायला लागले. सगळं लोण्यासारखं चाललं होतं. घटाचे प्रश्न आले, दांडे आले, जुळे दांडे आले, निलूनं एकेक उत्तर असं फेकलं की माझ्या अंगावर काटा आला. आतून मी नाचत होते. बाहेरून मी एसटीची बाई.

आणि मग तो प्रश्न आला.

"वितळलेल्या मिठाचे विद्युत अपघटन करताना अ‍ॅनोडविषयी पुढीलपैकी कोणते विधान खरे आहे. अ. तो ऋण असतो व तिथे क्षपण होते. ब. तो ऋण असतो व तिथे ऑक्सिडीकरण होते. क. तो धन असतो व तिथे ऑक्सिडीकरण होते. ड. तो धन असतो व तिथे क्षपण होते."

वाचता वाचताच मला हसू फुटायला आलं होतं. अ‍ॅनोड उणा! देणारा तो अ‍ॅनोड! परातीवर थापून थापून पाठ केलेलं. ब. ब!

"क," निलू म्हणाली.

माझी पेन्सिल कागदावर टेकायच्या आधी थांबली.

निमिषभरच. पण ती खोली एवढी शांत होती की त्या थांबण्याचाही आवाज आला. निलूचं तोंड माझ्याकडं वळलं. काळ्या चष्म्यामागं तिचा चेहरा कावराबावरा झाला. महिनाभर ती माझा श्वास ऐकत आली होती. मी कुठं अडखळते, कुठं खूश होते, तिला ठाऊक होतं.

"थांबा मावशी. काळा नका करू."

डिग्रजकर सरांनी मान वळवली.

"परत वाचा."

समोर पोरीचं वर्ष होतं. नुसतं ब वाचताना जरा रेंगाळले असते, जीभ ओठावरून फिरवली असती, तरी तिला कळलं असतं. सरांना कळलंच नसतं. आणि तिला माझं नको होतं, तिचं तिला पाहिजे होतं. मी बोट अक्षराखाली ठेवलं. वितळलेल्या. मिठाचे. विद्युत. अपघटन. एकेक शब्द सरळ उभा केला. अ वाचला. ब वाचला, अ सारखाच. क वाचला. ड वाचला. माझ्या कपाळावरून घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर आला, तो मी पुसलासुद्धा नाही, पुसण्यातही काही सांगितल्यासारखं होईल म्हणून.

निलूचे ओठ हलत होते. मला वाटलं, ती ब म्हणते. ब चा आकार मी तिच्या ओठावर बघितला, शपथेवर सांगते. मग तिनं खालचा ओठ दातात धरला. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं आणि ती पाठ ताठ करून म्हणाली,

"क. काळा करा."

मी क काळा केला. नीट, कडेपर्यंत भरून. रेघ बाहेर गेली नाही. आणि पुढचा प्रश्न वाचला, तासगाव, विटा, खानापूर.

घंटा झाली. सरांनी कागद घेतले, माझ्याकडं बघून म्हणाले, "आजी, एवढं सपाट वाचन मी आमच्या शाळेतसुद्धा ऐकलं नाही." मला ते कौतुक वाटलं की टोमणा, अजून ठरत नाही. निलूचा हात धरून मी जिन्यावर आले आणि मला रडूच कोसळलं.

"पोरी, एक घालवलास गं. अ‍ॅनोड उणा असतो. एवढं पाठ केलं आपण. माझ्या तोंडात आलं होतं."

"मला कळलं ते."

"कळलं आणि तरी?"

निलू जिन्यावरच बसली, मला शेजारी बसवलं. हसत होती. "तुम्ही थांबलात ना, मी म्हटलं, झालं, चुकले मी. मावशीला ब वाटतंय म्हणजे ब असणार. ब म्हणणारच होते. मग विचार केला, मावशीला असं का वाटलं असेल? आणि लक्षात आलं, तो भाग मी तुम्हाला कधी वाचूच दिला नाही."

"कुठला भाग?"

"घटात जस्त आपणहून देतं. कुणी ढकलत नाही. दिलेले इलेक्ट्रॉन तिथं साठतात, म्हणून तो अ‍ॅनोड उणा. पण मीठ वितळवून त्यात वीज सोडली की तिथं आपणहून काही होत नाही. बाहेरून बॅटरी लावून जबरदस्तीनं इलेक्ट्रॉन ओढून घ्यायला लागतात. ओढणारं टोक अधिकाचं. ते ज्याला जोडलं तो अ‍ॅनोड. क्लोरीन आपला इलेक्ट्रॉन तिथं देतं. म्हणून तो धन."

मी डोळे पुसता पुसता थांबले. डोक्यात भांडी फिरायला लागली. इकडं आपणहून देणं, तिकडं ओढून घेणं. पण देणं दोन्हीकडं.

"म्हणजे," मी सावकाश म्हटलं, "अधिक-उणं बदलत असतं. देणारा मात्र दोन्हीकडं अ‍ॅनोडच."

"हां! त्याचं नाव कामावरून पडतं मावशी, चिन्हावरून नाही."

"अगं सटवे! मग एवढी मजा मला आधी का नाही वाचू दिलीस?" मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि लगेच डोळ्याच्या आठवणीनं जीभ चावली. ती मात्र हसतच होती, आणि मग मीही. येणारी-जाणारी पोरं बघत होती, पेपर एवढा सोपा गेला काय म्हणून.

पावसाळ्यात निकाल लागला. निलूला औषधांच्या कॉलेजात जागा मिळाली, आणि तिचा डावा डोळा अजून तिच्यासोबत आहे. ती आता गोळ्या बनवणाऱ्या कारखान्यात साहेबीण आहे. पण निकालाचा दिवस मला एवढा आठवत नाही, जेवढं त्या शाळेचं फाटक आठवतं. दस्तगीरभाऊ उन्हात रिक्षा घेऊन थांबले होते. आमचे चेहरे बघून त्यांना काही उमगेना, माझे डोळे लाल, पोरगी हसतेय.

"काय झालं आक्का? बेटा, पेपर कसा गेला?"

निलू माझा दंड धरून रिक्षात चढली आणि म्हणाली, "माझा छान गेला, अब्बा. मावशीचा एक चुकला."